कडेच्या रेघा

बस डावीकडे वळायला हवी होती, ती उजवीकडे वळली. एवढंच झालं. खिडकीशी बसलेल्या तिला आधी वाटलं, रस्ता खणून ठेवला असेल पुढे, जाईल वळसा घालून. पण कुलपांच्या दुकानाच्या जागी पोहण्याचा तलाव आला, तलावाच्या भिंतीवर रंगवलेला एक हसरा निळा मासा आला, त्याला लांब लांब पापण्या होत्या. माशाला पापण्या नसतात, असं सवयीने तिच्या मनात येऊन गेलं, आणि त्याच्या पाठोपाठ हेही आलं की बस चुकलेली नाही, आपण चुकलो. शेजारच्या बाईला तिने विचारलं, "ही छत्तीसच ना हो?" "अडतीस," बाई म्हणाली, "चांगला हा एवढा मोठा आकडा लिहिलाय की पुढे." आणि मग जरा सरकून बसली, जसं माणूस आजाऱ्यापासून सरकतं, दुष्टाव्याने नाही, आपलं उगीच. आकडा तर तिने वाचला होता. मान वर करून, बस अगदी पुढ्यात थांबलेली असताना, भर दुपारी. शेवटचा इंग्रजी आकडा सहा वाचला होता तिने. सहाच होता तो, तिच्या डोळ्यांपुरता.

दुसऱ्या कुणाच्या बाबतीत हे हसण्यावारी गेलं असतं. संध्याकाळी जेवताना सांगण्यासारखी गंमत. पण तिचा आख्खा जन्म वाचण्यात गेला होता, आणि तेही पुस्तकं वाचण्यात नाही. माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी, एक खडा असतो. तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठा, पांढरट, हातात धरला तर कुणाला वाटावं दाताचा टवका निघाला. मासा वाढतो तसा तोही वाढतो. खाण्यापिण्याची चंगळ असते त्या दिवसांत रुंद पट्टा धरतो, टंचाईच्या दिवसांत बारीक रेघ. तो खडा राळेत बसवायचा, त्याचा पातळ काप काढायचा, काचेवर चिकटवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली रेघा मोजायच्या. जितक्या रेघा तितकी वर्षं. मासळी संशोधन केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याशेजारच्या खोलीत, ती सत्तावीस वर्षं हेच करत आली होती. "माशांच्या जन्मपत्रिका बघते," असं तिचा नवरा लोकांना सांगायचा आणि प्रत्येक वेळी स्वतःच हसायचा. जन्मपत्रिकाच, पण उलट्या. मासा मेल्यावर तो किती जगला ते सांगायचं. आणि ते कळलं की त्याचे भाऊबंद पुढच्या वर्षी किती पकडू द्यायचे ते ठरायचं. वय कमी वाचलंत तर मासा झटपट वाढणारा वाटतो, झटपट वाढणारा म्हणजे झटपट भरून निघणारा, मग बोटींना सांगायचं, न्या की, आहे भरपूर. आणि मग एक दिवस नसतोच. समुद्र पावती देत नाही, तिच्या आधी या खोलीत बसणाऱ्या मोठ्या बाई म्हणायच्या.

मोठ्या बाई आठवल्या आणि पाठोपाठ आजची सकाळ आठवली. सकाळी जुळणी लागली होती. त्यांच्या धंद्यात एकाच खड्याला दोघांनी वाचायचं असतं, पहिल्याने काय वाचलं ते दुसऱ्याने न बघता, आणि मग दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे. पहिली वाचणारी ती. दुसरी वाचणारी नवी. नवीला येऊन चार वर्षं झाली होती, पण एकदा केंद्रात नाव पडलं की पडलं. सगळे तिला नवीच म्हणत, फाटकावरचा रखवालदारसुद्धा. तर आज सकाळी या हंगामाच्या सगळ्या खड्यांची जुळणी लागली आणि ती शंभरात शंभर निघाली. एकही खडा इकडचा तिकडे नाही. संचालक दारातून डोकावून म्हणाले, "वा! म्हणजे शुक्रवारी आपला अहवाल छाती फुगवून पाठवायचा." तिने मान डोलावली. नवीनेही डोलावली, पण बघितलं मात्र खिडकीबाहेर. मग तिचं स्वतःचं डोकं दुखायला लागलं, म्हणजे तिने नवीला तसं सांगितलं, आणि ती जेवणाच्या सुट्टीनंतर निघालीच. आता, या परक्या बसमध्ये, तिला मोठ्या बाईंचा आवाज ऐकू आला, तो त्यांचा खर्जातला, घशात कायम काहीतरी अडकल्यासारखा आवाज: "दहात आठ जुळले तर काम चांगलं. नऊ जुळले तर चहा माझ्याकडून. दहाच्या दहा जुळले तर चौकशी." कारण दोन माणसं एका खड्याकडे बघतात तेव्हा कुठेतरी अडखळतातच. कुठे रेघ दुहेरी असते, कुठे माशाला मधेच आजारपण आलेलं असतं आणि त्याची खोटी रेघ उमटलेली असते. दोघं कुठेच अडखळली नाहीत याचा अर्थ दोघं बघत नव्हती. एकच बघत होतं. पहिले आकडे कॉम्प्युटरवर चढवायचं काम नवीकडेच होतं. समोर आकडे असायचे. पोरगी ते बघून आपले लिहीत होती, यात आता शंका घ्यायलाही जागा उरली नव्हती.

राग यायला हवा होता. तिने तो शोधलाही, पर्समध्ये किल्ली शोधतात तसा, हाताला लागेना. हाताला लागला तो वैशाखातला, नाही, त्याच्याही आधीचा एक दिवस, त्यांच्या त्या दोन तोंडांच्या सूक्ष्मदर्शकापाशी. त्या यंत्राला समोरासमोर दोन माणसांना बघायची सोय आहे आणि मधे एक काळी सुई, दोघांनाही दिसणारी. नवी एका बाजूला, ती दुसऱ्या. एक म्हातारा मासा होता. तरुण माशाच्या रेघा ऐसपैस असतात, पण म्हाताऱ्याच्या शेवटच्या रेघा अगदी कडेला, एकमेकींना चिकटून, दाटीवाटीने. नवी म्हणाली, "मॅडम, कडेला अजून दोन आहेत." तिने बघितलं. कडा तर नुसती सोनेरी होती, दिव्याखाली तूप वितळावं तशी. तिने दिवा वाढवला. कडा आणखी वितळली. मग तिने सुई फिरवली आणि म्हणाली, "हे बघ. ही रेघ नाही. ही खोटी रेघ. नजर बसली की कळेल." त्या आठवड्यात असं कितीदा झालं? हे बघ. ही खोटी. हे बघ, हीसुद्धा खोटी. आणि मग एका आठवड्यापासून नवीने विचारणंच सोडलं, आणि तिला वाटलं होतं, चला, बसली एकदाची नजर पोरीची.

बस एका चढाला लागली. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे कुणी दुपारीच लावले होते आणि प्रत्येक दिव्याभोवती एक कडं होतं, मऊ, केसाळ, दिव्याला थंडी वाजू नये म्हणून कुणी विणून घातल्यासारखं. सगळ्यांनाच असं दिसतं अशी तिची समजूत होती. परवा नवरा म्हणाला, "हल्ली तू माझ्याकडे कडेकडेने का बघतेस गं, कोंबडीसारखी?" ती म्हणाली होती, "समोरून बघण्यासारखं काय राहिलंय?" आणि दोघं हसली होती. महिन्यापूर्वी नणंद राहायला आली तेव्हा म्हणाली, "वहिनी, भाजी चिरायला इतके दिवे? लग्नघर आहे का हे?" तेव्हाही हसणंच झालं. आता ते सगळं एकापाठोपाठ एक येऊन तिच्या शेजारी बसलं, त्या सरकून बसलेल्या बाईच्या आणि तिच्या मधल्या जागेत. मी आंधळी होत चालले आहे, असं तिने मनातल्या मनात म्हणून पाहिलं. वाक्य चांगलं भारदस्त होतं, पण खरं वाटेना. मी म्हातारे मासे तरुण करत आले आहे, असं म्हणून पाहिलं. हे लगेच खरं वाटलं. किती हंगाम? हा एकच? मागचाही? आणि शुक्रवारी तो अहवाल जाणार, दोघींच्या सहीने, शंभरात शंभर.

मोठ्या बाईंनी असं कधी होऊ दिलं नसतं, असं ती मनाशी म्हणाली, आणि मग ती थांबली. पहिल्या दिवशी, ती नोकरीला लागली तेव्हा, मोठ्या बाईंनी तिला खुर्ची दिली नाही की चहा विचारला नाही. सूक्ष्मदर्शकाच्या त्या बाजूच्या स्टुलाकडे बोट केलं. "काय दिसतं?" ती म्हणाली, "रेघा." "किती?" तिने मोजल्या, घाबरत, ओठ हलवत, आणि आकडा सांगितला. "बरं," म्हणून मोठ्या बाईंनी तो लिहून घेतला. तिने विचारलं, "बरोबर आहे का?" तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "बरोबर उत्तर माशाला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या, "आणि त्याला आपण खाल्ला." पुढे कित्येक महिने असंच. काय दिसतं? कुठे दिसतं? तुला तिथे रेघ का वाटते? मला नाही वाटत, पण असू दे, तुझा आकडा तू लिही. तिला वाटायचं, बाई शिकवत काहीच नाहीत. घरी येऊन आईपाशी रडली होती एकदा, तिथे कुणी काही सांगतच नाही म्हणून. पुढे पाहणीच्या बोटीवर ती उलट्या करून करून कठड्याला लोंबकळत होती, तेव्हा मोठ्या बाई कोरड्या टोस्टचा तुकडा घेऊन आल्या, तिची पाठ चोळली आणि म्हणाल्या, "काय दिसतं?" ती म्हणाली, "मरण." "ते सोड. त्याच्या पलीकडे?" पलीकडे पाण्याचा रंग बदलला होता. हिरवा संपून काळा सुरू झाला होता, कुणी दोरी टाकून आखल्यासारखा, आणि त्या रेषेवर पक्षी होते. ती उलटी विसरून बघतच राहिली. बाईंनी तो टोस्ट स्वतःच खाऊन टाकला.

आणि ती बोटमालकांची सभा. माणसं चिडलेली, खुर्च्या अपुऱ्या, एक जण टेबलावर किल्ल्यांचा जुडगा आपटत म्हणाला, "हे वय कुणी ठरवलं? आमच्या बापजाद्यांनी हा मासा धरला, तो इतका म्हातारा होतच नाही." सगळ्यांनी मोठ्या बाईंकडे बघितलं. मोठ्या बाई उठल्या आणि म्हणाल्या, "या खड्यांचं वाचन माझं नाही, हिचं आहे. हिला विचारा." आणि खाली बसल्या. तिला त्या क्षणी बाईंचा इतका संताप आला होता की तिचे शब्द नुसत्या संतापाच्या जोरावर बाहेर पडले, एकामागून एक, आणि चांगले पडले. किल्लीवाल्याने किल्ल्या खिशात घातल्या. जिना उतरताना ती म्हणाली, "तुम्ही मला तोंडघशी पाडलं असतं." बाई म्हणाल्या, "पडली असतीस तर उचललं असतं. त्यासाठीच खाली बसले होते ना मी, पुढच्याच खुर्चीत."

मग एके दिवशी बाई म्हणाल्या, "आजपासून पहिली वाचणार तू." त्या उठून दुसऱ्या बाजूच्या स्टुलावर गेल्या. तिने घरी जाऊन नवऱ्याला मिठी मारली होती. केवढा मान! बाईंच्या निवृत्तीला तेव्हा वर्ष राहिलं होतं, आणि ते आख्खं वर्ष बाई समोर बसून विचारत राहिल्या: काय दिसतं? मोठ्याने मोज. कडेला ये. कडेला हळू. सुईने दाखव मला. बस चढ चढून वर आली, सपाटीवर जरा थांबली, दार उघडून मिटलं, आणि तिला एकदम, कुणी मागून मानेवर गार हात ठेवावा तसं, कळलं. बाईंना दिसत नव्हतं. त्या वर्षी बाईंना कडेचं काही दिसत नव्हतं. तो मान नव्हता, किंवा मान होताच, पण त्याच्या पोटात हे होतं. आणि वर्षभर ती बाईंच्या डोळ्यांनी नाही, बाई तिच्या डोळ्यांनी वाचत होत्या, आणि तिला पत्ता नव्हता.

शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. शेजारची बाई उतरताना म्हणाली, "समोरून परतीची मिळेल. आकडा विचारून चढा बरं." थांब्याच्या बाकावर बसून तिने फोन लावला. मोठ्या बाई दुसऱ्या गावी बहिणीकडे राहायच्या. ऐंशी ओलांडली होती. पलीकडे बराच वेळ खडखड झाली, मग तो खर्ज.

"बोल. कोण मेलं?"

"कुणी नाही, बाई. मीच आहे."

"तू तर जिवंत दिसतेस. मग भर दुपारी कसा काय फोन?"

तिने सरळच विचारलं. "तुम्ही मला पहिली केलीत तेव्हा तुम्हाला दिसत नव्हतं ना?"

पलीकडून एक लांब, समाधानी श्वास आला. "इतकी वर्षं लागली होय तुला? मला वाटलं आठवड्यात पकडशील."

"तुम्ही लपवलंत."

"लपवलं कुठे? रोज तर तोंडावर विचारत होते, काय दिसतं म्हणून. न दिसणाऱ्या माणसाने आणखी काय ओरडून सांगायचं?"

"पण ते तर तुम्ही पहिल्या दिवसापासून विचारायचात."

"मग! दिसत होतं तेव्हाच सवय लावून घेतली. म्हणजे दिसेनासं झाल्यावर विचारायची लाज वाटत नाही." बाई खोकल्या. "माझ्या गुरूंनी नव्हती लावली. म्हातारपणी ते सगळ्यांवर ओरडायचे, खोटी रेघ, खोटी रेघ म्हणून. आम्ही बिचारे हो म्हणायचो. का गं? गप्प का झालीस?"

ती खाली बघत राहिली. बाकाखाली कुणाची तरी चपातीएवढी सावली पडली होती; ती तिच्याच पर्सची निघाली.

"असं होय," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज, कित्येक वर्षांत झाला नव्हता तसा, मऊ झाला. "दिव्यांभोवती कडी दिसतात का? ऊन नको वाटतं?"

"हो."

"दिवा वाढवला की जास्तच चिखल होतो?"

"हो, बाई."

"अगं मग मोतीबिंदू आहे तो, वेडाबाई! माझाही तोच होता. डॉक्टरकडे जा, खात्री करून घे, काढून टाक. अर्ध्या तासाचं काम. मी काढला आणि पस्तावले. आता बहिणीच्या घरातला सगळा कचरा दिसतो, आणि बहिणीची मिशीसुद्धा." मागून बहिणीचा काहीतरी आवाज आला. "ऐकू येतं हो तिला अजून," बाई म्हणाल्या. "बरं, तुझ्या समोरच्या स्टुलावर कोण बसतं?"

"नवी."

"तिला दिसतं?"

"तिला सगळं दिसतं," ती म्हणाली, आणि हे म्हणताना तिला हलकं वाटलं. दिवसभर हातात धरलेलं ओझं कुणी न विचारता घ्यावं आणि मग आपल्याला कळावं की बोटं किती आखडली होती, तसं ते होतं.

"मग इथे काय करतेस माझ्याशी बोलत?" म्हणून बाईंनी फोन ठेवला.

परतीच्या बसचा आकडा तिने विचारला. ड्रायव्हरला विचारला, आणि रांगेतल्या एका शाळकरी मुलीलाही विचारला, खात्रीसाठी, आणि तिला त्यात जरासुद्धा लाज वाटली नाही. उलट गंमतच वाटली, जणू ही सोय जगात कायम होती आणि फक्त तिलाच कुणी सांगितली नव्हती. पापण्यांचा मासा या बाजूने उलटा गेला. तसा बरा होता तो.

केंद्राच्या जिन्यात नवी खिडकीच्या कट्ट्यावर बसून बिस्किटं खात होती, कारण खोलीत खायला बंदी होती, तिनेच घातलेली. नवी गडबडून उठली. "मॅडम? डोकं दुखत होतं ना तुमचं?"

"डोकं ठीक आहे. चुकीच्या बसमध्ये चढले. सहा की आठ ते कळलं नाही मला."

नवीने बिस्कीट पुड्यात परत ठेवलं. अर्धं खाल्लेलं.

"शंभरात शंभर, नवी."

"मॅडम, मी..."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

नवी जिन्याच्या कठड्यावरचा रंग नखाने खरवडायला लागली. "तुम्ही कडेशी आलात की दिवा वाढवता. मग डोळे पुसता. मग 'धूळ फार झालीये' म्हणता. मी रोज पुसते मॅडम ती काच. धूळ नसते."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते." पोरीचा आवाज जरा चढला, आणि तो चढलेला ऐकून तिला बरंच वाटलं. "सारखं बोलत होते. तुम्ही म्हणायचात खोटी रेघ. मग मला वाटलं, माझंच चुकत असेल. मग वाटलं, नाही चुकत. मग वाटलं, हे सांगितलं तर तुम्हाला किती लागेल. तुम्हीच मला घेतलंत इथे. तुमच्याविरुद्ध आकडा कसा लिहायचा?"

"माझ्याविरुद्ध?" ती म्हणाली. "अगं, तो माशाच्या बाजूचा आकडा. आणि मी निवृत्त झाले की मग? जन्मभर माझीच री ओढणार होतीस?"

नवीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी तिला हसूही आलं, दोन्हींची नाकापाशी टक्कर झाली. "तुम्ही चिडला नाहीत?"

"चिडले की. बसमध्ये खूप शोधला राग, कुठे ठेवला सापडेना." ती जिना चढायला लागली. "चल. पुडा घेऊन चल, आज खाल्लंस तरी चालेल. फक्त काचेवर नको."

वर जाऊन तिने आधी संचालकांना फोन केला. शुक्रवारी अहवाल जाणार नाही, म्हणाली. संचालक बरंच काही बोलले, त्यातलं बहुतेक रास्त होतं. "शंभरात शंभर जुळलंय ना?" ते शेवटी ओरडले. "म्हणूनच," ती म्हणाली, "आणि माझे डोळे बिघडलेत, तेही लिहून घ्या. मोतीबिंदू असावा. पहिल्यापासून वाचावं लागेल सगळं, आणि माझे डोळे नीट होईपर्यंत दुसरं वाचन बाहेरून करून घ्यावं लागेल. मागचा हंगामही काढावा लागेल." हे ती इतक्या सहज बोलली की पलीकडे संचालकच चाचरले आणि त्यांनी डोळ्यांच्या एका चांगल्या डॉक्टरचा पत्ता सांगायला सुरुवात केली. नवी दारात उभी राहून ऐकत होती, पुडा छातीशी धरून.

सूक्ष्मदर्शकाच्या इकडच्या बाजूचं स्टूल फिरकीचं होतं, त्यावर मोठ्या बाईंनी कधीकाळी बांधलेली उशी होती, मधे चेपलेली, आधी एकीच्या आणि मग दुसरीच्या वजनाने. तिने टेबलाला वळसा घातला आणि पलीकडच्या, बिनउशीच्या स्टुलावर जाऊन बसली. टणक होतं. चार वर्षं पोरीने कशी काढली असतील, असं तिच्या मनात आलं. या बाजूने खिडकीतून बंदराचा एक तुकडा दिसायचा हे ती विसरूनच गेली होती. आता तो धुरकट होता, पण होता.

"मॅडम, मी तिथे बसू?"

"दुसरं कोण बसणार? पहिली वाचणारी तिथे बसते."

नवी बसली. उशी उंच पडत होती, तिची मान वाकडी होत होती. तिने स्टूल फिरवून खाली घ्यायला सुरुवात केली आणि ते, इतकी वर्षं एकाच उंचीवर राहिलेलं, असं काही करकरलं की दोघींनी दात आवळले. मग नवीने त्या म्हाताऱ्या माशाचा काप काढून भिंगाखाली ठेवला, तोच, आधीचा. तिनेही आपल्या बाजूने डोळे टेकवले. मधोमध सगळं ठीक होतं, ऐसपैस, ओळखीचं. कडा मात्र नुसती सोनेरी, वितळलेली, आणि तिला ती पहिल्यांदाच फक्त सुंदर दिसली, काही सिद्ध न करता. तिने दिवा वाढवला नाही.

"काय दिसतं?" तिने विचारलं.

काळी सुई मधल्या ठिपक्यापाशी आली आणि निघाली. नवी मोठ्याने मोजत होती. आधी घाबरत, मग तालात. ती तिच्याबरोबर मनात मोजत गेली, रेघेमागून रेघ, तिच्या जुन्या आकड्यापर्यंत. तिथे नवीचा आवाज अडखळला.

"थांबू नकोस," ती म्हणाली. "कडेला ये. कडेला हळू."

सुई सोनेरीत शिरली. तिला आता सुईचं टोक तेवढं दिसत होतं, आणि ते जिथे टेकलं तिथे काही नव्हतं, आणि नवीने तिथे पुढचा आकडा म्हटला. मग सुई केसभर सरकली आणि नवीने त्याच्या पुढचा म्हटला. मासा म्हातारा होत चालला होता, तिच्या डोळ्यांसमोर, तिला न दिसता. ती गालातल्या गालात हसली आणि तिने पेन उघडलं.